खुर्च्या आवरतानाचं गाणं

हिरावहिनी, महेश, घरत कुटुंबातली सगळी मंडळी, बेलपाड्याहून आलेले शेजारी, तळोज्याच्या कंपनीतले जुने सोबती, आणि आपल्या कराओके ग्रुपमधल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

तुम्ही सगळे आलात. हॉल भरलाय. एरवी रविवारी एवढा भरला असता तर मी कोणाच्या हातात माइक दिला नसता. आज तो मला धरवत नाही. जन्मभर मी माइकवरच बोलले, पनवेलकरांना ठाऊक आहे. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून वर्षानुवर्षं गाड्या पुकारल्या. अलिबाग, पेण, महाड. सर्दी असो, ताप असो, आवाज कधी कापला नाही. आज कापतोय. थांबते जरा. पाणी द्या कोणीतरी.

हं. बोलते.

आपले हसुराम घरत, आपले हसुदादा, दोन आठवड्यांमागच्या गुरुवारी गेले. सकाळी दारातल्या जास्वंदीला पाणी घालत होते. घालता घालता ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत. हिरावहिनी आतून चहा घेऊन आल्या तेव्हा पाइपातून पाणी चालू होतं.

शोकसभेत गेलेल्या माणसाचे गुण सांगतात. ते सांगायला तुम्ही बरेच जण आहात. कंपनीतले लोक सांगतील, शेजारी सांगतील. मला दुसरंच सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय या हॉलमध्ये मला पुन्हा पाऊल टाकता येणार नाही.

आमच्या ग्रुपबद्दल ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही बहुतेक सगळे निवृत्त. दर रविवारी संध्याकाळी या हॉलमध्ये जमतो. गाण्याचं नुसतं संगीत लागतं, त्यातला गाणाऱ्याचा आवाज काढून टाकलेला असतो. तो आवाज आपण भरायचा. कसा भरतो ते विचारू नका. जुनी हिंदी गाणी, मराठी भावगीतं, कोणी नाट्यगीतालाही हात घालतं. जोशीकाका लॅपटॉप सांभाळतात. कोणी कधी गायचं, तो क्रम मी लावते. गाड्या सोडायची सवय ना! कोण पहिला, कोण मधे, कोण शेवटी, सगळं माझ्या हातात. आणि हा हॉल आम्हाला आठपर्यंत मिळतो. आठला हॉल रिकामा पाहिजे, सगळ्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावलेल्या पाहिजेत. त्या याच खुर्च्या. ज्यांवर तुम्ही आत्ता बसला आहात.

या ग्रुपमध्ये इंग्रजी गाणी म्हणणारा एकच माणूस होता. हसुदादा.

पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं, "दादा, कुठलं गाणं? भक्तिगीत?" आता माझंही चुकलंच. पांढरा सदरा, गळ्यात माळ, बेलपाड्याचे घरत. मला दुसरं काय सुचणार? ते म्हणाले, "नाय ताई. इंग्लिश. जावाचा गाना हाय." जायचं गाणं. निरोपाचं.

आणि मग कळलं की त्यांच्याकडे दुसरी गाणीच नव्हती. सगळी जायचीच. कोणी दार ओढून निघालंय, कोणी गाडीत बसलंय, कोणी म्हणतंय की तुझ्यावाचून मी आता जगायला शिकले. जगभर गाजलेली गाणी, आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली. कंपनीत गोव्याचे एक फोरमन होते. ते रिटायर झाले तेव्हा त्यांनी स्वतःची कॅसेट हसुदादांना देऊन टाकली होती. रात्रपाळीहून आलं की चहाबरोबर ती कॅसेट, असं वहिनी सांगतात. शब्द त्यांनी कानानंच उचलले. पुढे नातवंडांकडून अर्थ विचारून घेतला. सगळं पाठ. आपण स्क्रीनवरचे शब्द वाचत गातो, नाक स्क्रीनला लावून. ते एकटे स्क्रीनकडे बघायचे नाहीत. ते आपल्याकडे बघायचे.

जोशीकाका, तुम्हाला आठवतं का? तुमच्या पंचाहत्तरीला, तुमच्या घरी, दादांनी एक गाणं म्हटलं. इतकं गोड म्हटलं की तुम्ही वन्स मोअर दिलात. मला त्या गाण्याचा अर्थ कळत होता. त्यात एक बाई एका माणसाला सांगते की तू मला फार छळलंस, आता तुझं तोंडही बघायचं नाही. आणि तुम्ही डोळे पुसत होतात! नंतर मी दादांना गाठलं. म्हटलं, दादा, अर्थ माहीत आहे ना? तर म्हणाले, "माहीत हाय ताई. पन चाल बघा ना. चालीत राग कुठं हाय?"

हसताय. हसा. त्यांना चाललं असतं.

एकदा चहाच्या वेळी मी त्यांना विचारलंच, की तुम्हाला हीच गाणी का आवडतात. मला ती फारशी आवडायची नाहीत, खरं सांगते. मला वाटायचं, काय ही माणसं! प्रेम मोडलं की लगेच बॅग भरून मोकळी. आजची मुलं म्हणतात तसं, मूव्ह ऑन. आपल्याकडे निरोपाचं गाणं म्हटलं की मुलगी सासरी निघते आणि मागे राहिलेले रडतात. गाणारा मागे राहिलेला असतो. यांच्यात जो निघालाय तोच गातो. दारात उभा राहून, अख्खं गाणं. मी म्हटलं, दादा, एवढं गात बसलं तर गाडी चुकेल.

तेव्हा त्यांनी वडलांची गोष्ट सांगितली. खारघरचं शहर झालं त्यात त्यांची जमीन गेली. ते सगळ्यांचंच झालं, त्यात नवीन काही नाही. पण वडील रोज सकाळी उठून शेतावर जायचे. "शेत नव्हता ताई. बिल्डिंग व्हती. तरी जायाचे." बिल्डिंगच्या कंपाउंडबाहेर उकिडवे बसायचे, उन्हं वर येईपर्यंत. एक दिवस वॉचमनला दया आली. त्यानं आतून खुर्ची आणून दिली. वडील बसले नाहीत. म्हणाले, "शेतान कोन खुर्चीवर बसतं का?"

वडील मरेपर्यंत जात होते. हसुदादा त्यांना न्यायला जायचे, कंपनीची बस पकडायच्या आधी. मला म्हणाले, "तवाच मी ठरवला. मना असा बसून राहाचा नाय. गेला ता गेला. आपुन उठाचा, गाना बोलाचा आन पुढं जावाचा." आणि त्या फोरमनच्या कॅसेटमध्ये त्यांना अशी माणसं भेटली, जी उठतात, गाणं म्हणतात आणि पुढे जातात. आपल्या गाण्यांत ती त्यांना सापडली नव्हती.

हे सगळं मला माहीत होतं, मंडळी. माहीत असून मी काय केलं, ते ऐका.

मी त्यांना दर रविवारी शेवटी लावलं.

दर रविवारी. कारण माझ्या डोक्यात बसलं होतं की निरोपाचं गाणं शेवटीच शोभतं. कार्यक्रम संपतोय, दादा निरोप गातायत, किती छान! आणि मग काय व्हायचं, आठवा. सगळ्यांना आठवा. दादांचा ट्रॅक सुरू झाला की आपल्याला कळायचं, आता आठ वाजत आले. कोणी पर्स उचलायचं. कोणी चपला शोधायचं. बाहेर वड्याचा वास सुटलेला असायचा. आणि मी टाळी वाजवून म्हणायचे, "चला, हातासरशी खुर्च्या घ्या आवरायला!"

ते गात असताना.

या पत्र्याच्या खुर्च्या. घडी केली की कसा आवाज होतो, तुम्हाला माहीत आहे. खटाक. खटाक. खटाक. एकेक खुर्ची आपण त्यांच्या गाण्यात मिटवत गेलो. ते आपल्याकडे बघून गात होते, आणि त्यांच्याकडे आपल्या पाठी होत्या. शेवटचं कडवं ते रिकाम्या फरशीला म्हणायचे. गाणं संपलं की स्वतःच माइक बंद करायचे, वायर गुंडाळून ठेवायचे आणि धावत यायचे. "ऱ्हाऊद्या ताई, तुमी नका उचलू, मी लावतंय." उरलेल्या खुर्च्या तेच लावायचे. टाळ्या? हात मोकळे कुठे होते आपले?

एवढ्या रविवारांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. एकदाच काहीतरी मागितलं.

त्या शेवटच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, आज मना मधी लावाल का? हिरी येनार हाय ऐकाला." हिरावहिनी पहिल्यांदाच येणार होत्या. एवढी वर्षं घरात कॅसेट ऐकली, पण हॉलमध्ये माइकवर गाणारा नवरा त्यांनी बघितला नव्हता. वहिनींचे गुडघे दुखतात, जिना चढायचा म्हणजे प्रश्न. तरी येणार होत्या.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "दादा, तुमचं गाणं निरोपाचं. मधेच निरोप घेतलात तर लोक उठून घरी जातील ना!" आणि हसले. माझाच विनोद मला फार आवडला. तेही हसले. म्हणाले, "बरा ताई. तुमी बोलाल तसा."

वहिनी आल्या. पहिल्या रांगेत बसल्या, इथे, आत्ता बसल्यात तिथेच. नवीन साडी होती, मला दिसली होती. सगळ्यांची गाणी त्यांनी ऐकली. माझं ऐकलं, मी दोन म्हटली, क्रम माझ्याच हातात! प्रत्येकाला टाळ्या दिल्या. मग दादांचं नाव आलं. ट्रॅक लागला. आणि मी सवयीनं उठले, सवयीनं टाळी वाजवली, सवयीनं म्हटलं, चला, खुर्च्या.

दादा गात होते. वहिनींकडे बघून गात होते. आणि मी वहिनींपाशी गेले, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं...

म्हटलं, "वहिनी, जरा उठता का? खुर्ची घ्यायची आहे."

त्या उठल्या. एका हातानं गुडघा धरून उठल्या. मी खुर्चीची घडी केली. खटाक. आणि उरलेलं गाणं त्यांनी भिंतीला टेकून, उभ्यानं ऐकलं.

गाणं संपल्यावर दादांनी माइक बंद केला. वायर गुंडाळली, आले, खुर्च्या लावल्या. जाताना मला म्हणाले, "ताई, हिला आवडला." बस. आणि वहिनींचा हात धरून एकेक पायरी उतरले. मी वरून ओरडले, "दादा, पुढच्या रविवारी वेळेवर या!" जसे काही ते कधी उशिरा आले होते.

त्याच आठवड्यात ते गेले.

बाराव्याच्या तयारीत असताना महेशचा मला फोन आला. महेश म्हणजे त्यांचा धाकटा. म्हणाला, "ताई, बाबांचं एखादं गाणं तुमच्याकडे रेकॉर्ड असेल ना? आईला ऐकायचंय." मी म्हटलं, असणारच! आपण सगळं रेकॉर्ड करतो. जोशीकाका स्टँडला मोबाइल लावतात. माझी गाणी आहेत, सगळ्यांची आहेत, जोशीकाकांचा खोकला आहे. मी आणि जोशीकाका दिवसभर शोधत बसलो. दादांचं एकही नाही. का नाही? कारण त्यांचं गाणं लागेपर्यंत जोशीकाकांनी मोबाइल स्टँडवरून काढून खिशात घातलेला असायचा. आवराआवर!

एकच सापडलं. एकदा मोबाइल चुकून चालूच राहिला होता. त्यात दादांचा आवाज आहे. लांबून येतो, पण आहे. आणि त्यावर खुर्च्या आहेत. आणि खुर्च्यांच्या वर मी आहे. माझा चांगला, एसटीचा, स्पष्ट आवाज. "अहो, ती इकडे नाही, त्या भिंतीला! त्या भिंतीला लावा!" दादा वरच्या पट्टीत जातात, अगदी सुरेल जातात, आणि नेमक्या त्या जागी मी कोणालातरी विचारते आहे, वड्याबरोबर चटणी कोणती आहे.

हे मी महेशला पाठवू? वहिनींना ऐकवू? अजून पाठवलेलं नाही. महेश, तुझ्या आईनं मागितलं तर देईन. तेवढंच आहे. दुसरं आम्ही ठेवलं नाही.

आणि मूव्ह ऑनचं म्हणाल, तर त्यासाठी आपल्याला इंग्रजी गाणी लागत नाहीत. गुरुवारी सकाळी ग्रुपवर बातमी आली. सगळ्यांनी हात जोडले, फुलं ठेवली. आणि त्या फुलांखाली संध्याकाळी एक मेसेज आला, "येत्या रविवारी कार्यक्रम आहे की नाही, कळवा, हॉलला सांगायचं आहे." कोणी टाकला विचारू नका. मीच टाकला.

एक शेवटचं सांगते, मग थांबते. आजच्या सभेसाठी मी हॉलच्या ऑफिसात गेले होते. भीतभीत विचारलं, आज आठनंतर थोडा वेळ मिळेल का. तिथल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "घ्या की. तुमच्या मागे कोणाचं बुकिंग नसतं. एवढी वर्षं तुम्हीच आठला पळता."

आठला आपणच पळत होतो, मंडळी. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी दादांना काय म्हणू? चुकलं म्हणू? ते हसतील. "काय नाय ताई," म्हणतील. त्यांनी मला सोडून दिलं असेल, ते तसेच होते. पण मी स्वतःला एवढ्या सहज सोडणार नाही, आणि रागावू नका, पण तुम्हालाही नाही. खुर्च्या मी एकटीनं उचलल्या नव्हत्या.

आता रीत अशी की सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळायची. आज आपण उभं राहायचं नाही. या हॉलमध्ये आपण उभे राहिलो की आपले हात खुर्च्यांकडे जातात. आज बसायचं.

दादांनी त्या रविवारी म्हटलेलं गाणं जोशीकाकांकडे आहे. म्हणजे नुसता ट्रॅक आहे, त्यात आवाज नाही. तो लागेल. कोणी म्हणू नका. ओठातल्या ओठातही नको. जिथे आवाज यायचा तिथे काही येणार नाही, आणि तेच आपण ऐकायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटचं कडवं तर आपल्यापैकी कोणीच ऐकलेलं नाही, फक्त एका बाईनं ऐकलंय, भिंतीला टेकून. संगीत थांबल्यावर सुद्धा उठू नका. मी चला म्हणणार नाही. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्यानं शांतपणे जावं, आणि खुर्ची आहे तिथेच ठेवावी. नंतर मी लावीन. सगळ्या मी लावीन.

हिरावहिनी, तुम्ही बसा. आरामात बसा. ही खुर्ची आज तुमच्याकडे कोणी मागणार नाही.

मी हा माइक इथे स्टँडवर ठेवते. चालू ठेवते.

हसुदादा, नमस्कार करते तुम्हाला. या. आज तुम्हाला पहिलं लावलंय.

जोशीकाका, लावा.